अवधूतचं 'हो'

६ सप्टेंबर २००६, बुधवार

आज लॅबमध्ये काहीतरी विचित्र झालं. तेव्हा हसू आलं, आता येत नाहीये.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना गोंगाटातही बोलणं नीट कळावं म्हणून आम्ही हा डबा बनवतोय. सहा महिने त्यात माझाच आवाज भरलाय, कारण चाचणीची वाक्यं रोज मीच वाचते. आजही वाचत होते. खिडकी बंद आहे. रस्ता ओला आहे. चहाची वेळ झाली. काचेपलीकडे पाच जण ऐकत होते. पाचही उठले आणि किटलीकडे गेले! त्यात आमची टेक्निशियन सारासुद्धा, जी चहाला तोंड लावत नाही! विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "आय जस्ट फॅन्सीड वन." सहज प्यावासा वाटला म्हणे.

योगायोग? पाच जणांचा?

८ सप्टेंबर, शुक्रवार

योगायोग नाही. "डावा बूट टोचतोय" असं वाचलं — चौघांनी बूट काढला.

राजनं स्वतःचा आवाज भरून बघितला, काही नाही. साराचा — काही नाही. सहा महिने एकाच आवाजाचा साचा बसलाय, तो माझा. राज म्हणजे आमचा मालक. लंडनच्या हॅरोत जन्मला, आईबाप दादरचे, मराठी तोडकंमोडकं पण हौसेनं बोलतो. त्याने दार लावून घेतलं. मग म्हणाला, "वैजयंती, कोणाला सांगू नको. तुझी आवाज... माय गॉड."

मला एकच कळत नाही. आपल्याला कुणी सांगितलं असं एकालाही वाटत नाही. प्रत्येक जण म्हणतो, माझ्याच मनात आलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

बॅटरी किती टिकते ते बघायला डबा घरी आणला, ओट्यावर ठेवला. माझा नवरा अवधूत भेंडी चिरत होता.

आमचं दोन वर्षांचं भांडण. तो पुण्यात कॉलेजात भूगोल शिकवायचा. माझ्या वर्क परमिटमागे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आला आणि गार्डन सेंटरमध्ये कुंड्या उचलतोय. आता जुन्या कॉलेजनं जानेवारीपासून परत बोलावलंय. त्याला जायचंय, मला नाही.

आज मी नेहमीसारखंच म्हटलं, "राहू या ना रे इथेच."

सुरी थांबली. "हो. राहू," म्हणाला.

एवढंच! ना आवाज चढला, ना दार आपटलं.

मग माझी नजर डब्यावर गेली. हिरवा दिवा चालू होता.

२४ सप्टेंबर, रविवार

शीळ घालत कपडे वाळत घालतोय. दोन वर्षांत शीळ ऐकली नव्हती. खूश आहे म्हणावं का? की मी खूश आहे, त्याच्या तोंडून?

दिवा मला आधी दिसला होता की नंतर? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

राज म्हणाला, एक छोटीशी टेस्ट, खऱ्या लोकांवर. गावाबाहेर म्हाताऱ्यांची वीसेक बैठी घरं आहेत, एका बिल्डरला ती पाडायचीत. कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग होती. मला फक्त "स्वागत" करायचं होतं. माइकला डबा जोडलेला. राजनं लिहून दिलेलं वाचलं — बदल चांगला असतो, नवी जागा उबदार असेल.

आधी एक बाई ताडकन उभ्या राहिल्या होत्या. मिसेस टर्नर, ऐंशीच्या असतील. "ओव्हर माय डेड बॉडी!" सगळा हॉल त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवत होता. मी चार वाक्यं वाचली. हॉल शांत. मग मिसेस टर्नरनीच सगळ्यांत आधी हात वर केला. होकाराचा.

राजनं टेबलाखाली माझा हात दाबला. त्याची बोटं गार होती. माझी पण.

१४ ऑक्टोबर, शनिवार

राहवेना. मिसेस टर्नरकडे गेले. खोकी बांधत होत्या, बर्मिंगहॅमला बहिणीकडे निघाल्यात. कागदांवर सही झालेली.

मी सगळं सांगितलं. डबा, माझा आवाज, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर थोपटलं — जसं वेड लागलेल्याला थोपटतात. "नो, डिअर. मीच ठरवलं. एवढा गोंधळ का घातला तेच कळत नाही मला."

दारातून निघताना बघितलं. त्या बागेतल्या डेलियांकडे बघत उभ्या होत्या, कपाळाला आठी. काहीतरी आठवतंय पण सापडत नाही, अशी.

मी त्यांना परत डबा लावून "राहा" म्हटलं तर? म्हणजे पुन्हा तेच! मग दुरुस्त कसं करायचं? कुणी सांगेल का?

१६ ऑक्टोबर, सोमवार

राजची ऑफर. कंपनीत अर्धी मालकी. इथे कायम राहायचे कागद कंपनी करणार. पण त्याने मला गुंडाळलं ते याने नाही.

म्हणाला, "बघ, दोन लोक मारामारी करतात. तू बोलते. ते थांबतात. हे वाईट कसा आहे?"

  माझ्या मनात यादी सुरू झाली. बसमध्ये मला "गो होम" म्हणाला होता तो माणूस. आईला औषध घ्यायला लावता येईल. वहिनीला मारणारा माझा भाऊ — एका वाक्यात थांबेल! एका वाक्यात! मग ते न बोलणं हेच पाप नाही का?

राजला सांगितलं, विचार करते. खरं म्हणजे करत नव्हते. यादी करत होते.

२१ ऑक्टोबर, शनिवार — लक्ष्मीपूजन

अवधूतनं चकल्या केल्या, त्या मोडल्या, तोच हसला. "पुढच्या दिवाळीला इथेच मोठं घर बघू," म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

खरं लिही, वैजयंती. इथे तरी खरं लिही.

दिवा आधी दिसला होता. बोलायच्या आधी. बंद करायला हात नेला होता आणि परत आणला होता.

४ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं त्याला. जेवण झाल्यावर, ताटं तशीच.

आधी हसला. मग दिव्याचं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला. "म्हणजे तू माझ्या डोक्यात शिरलीस?" मी हो म्हटलं. बराच वेळ बोटाने टेबलावर रेघा ओढत बसला. "आता मला काय वाटतंय तेच कळत नाही. हा राग तरी माझा आहे ना?"

मला काय माहीत! माझ्या अवधूतला मी हे करून ठेवलंय — त्याला स्वतःलाच विचारावं लागतंय, हा मीच बोलतोय का.

५ नोव्हेंबर, रविवार

बॅग भरतोय. उद्याचं विमान. गुरुवारच्या सादरीकरणाची तालीम करायला राजनं डबा माझ्याकडे दिलाय, तो खुर्चीवरच होता. हाताच्या अंतरावर. नुसतं "थांब" म्हटलं असतं —

बाहेर जाऊन तळ्याला दोन चकरा मारून आले. आले तेव्हा त्याची बॅग दाराशी होती.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

लंडनहून दोघं आले होते, काळे कोट. कुठल्या खात्याचे ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. राजनं मला माइकसमोर उभं केलं. दिवा हिरवा. मला म्हणायचं होतं, "या कंपनीवर विश्वास ठेवा."

पण माझ्या जिभेवर दुसरंच वाक्य तयार होतं. हे सगळं सोडून द्या, विसरून जा. तिघंही तिथेच विसरले असते. मिटलं असतं! चांगल्या कामासाठी, एकदाच, शेवटचं. पण मिसेस टर्नरची आठी दिसली. चांगलं काम म्हणजे मी ठरवलेलं. तेही मीच ठरवायचं आणि त्यांनी ते स्वतःचं समजायचं.

दिवा बंद केला. साध्या आवाजात सांगितलं, हे यंत्र लोकांच्या मनात त्यांना न विचारता शिरतं, मी यावर काम करणार नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग राजकडे. "कॉल अस," म्हणाले आणि गेले. माझं कुणालाच पटलं नाही. साध्या आवाजाचं हे असं असतं.

राज चिडला नाही, तेच भीतीदायक. "ओके. तू नको बोलू. तुझी आवाज माझ्याकडे आहे. शब्द कापून जोडू."

हे मला सुचलंच नव्हतं! तो फोनवर असताना सर्व्हरवरचा माझा साचा आणि सगळं रेकॉर्डिंग पुसलं, बॅकअपची टेप कात्रीने कापली — आणि डबा कोटात घालून निघाले. सारानं बघितलं. तिने दार उघडं धरलं.

स्टेशन. रेडिंगची गाडी लागलेलीच होती. बसले. दारं मिटायला आणि राज आत यायला एकच गाठ पडली. समोरच्या सीटवर येऊन बसला, धापा टाकत.

डब्यातला साचा पुसायचा तर डबा चालू ठेवून दोन्ही बटणं सात मिनिटं दाबून धरावी लागतात. तेवढ्या वेळात माझ्या तोंडून जो शब्द निघेल तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाणार. म्हणजे सात मिनिटं एक अक्षर नाही. राजला हे माहीत होतं. मी बटणं दाबली.

तो विनवू लागला. हळू, मराठीत, गाडीतल्या लोकांना कळू नये म्हणून. "माझा आई ऑपरेशनला नाही म्हणाला. मी पाया पडला. डॉक्टरनी सांगितला. नाही म्हणाला. आठ महिन्यात गेला. एक वाक्य पाहिजे होता, वैजयंती. फक्त एक."

हे मला तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्याने. मला त्याचा हात धरावासा वाटला. बोटं बटणांवर.

वोकिंगहॅम स्टेशन गेलं. त्याने डब्यावर पंजा ठेवला. त्याच्यात माझ्याहून दुप्पट ताकद. मला फक्त "सोड" म्हणायचं होतं, त्याने सोडलंच असतं! मी ओठ आत घेतले, दातांखाली धरले आणि मान हलवली. नाही. नुसतंच बघत राहिले त्याच्याकडे. बाजूची बाई पेपर खाली करून आमच्याकडे बघायला लागली.

त्याने हात काढला. का काढला, कळलं नाही. मी काही बोलले नव्हते. देवाशपथ, एक अक्षर नाही.

दिवा विझला. मग म्हटलं, "राज, आईचं ऐकून फार वाईट वाटलं."

तो खिडकीबाहेर बघत होता. "तिचा 'नाही' होता," म्हणाला. रेडिंगला उतरला, मागे बघितलं नाही. डबा माझ्याच मांडीवर राहिला. रिकामा.

१३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी गेल्याचं पत्र. परमिट कंपनीचं, त्यामुळे तेही गेलंच. केस वगैरे काही नाही. कोर्टात सांगणार काय?

मी बरोबर केलं ना? त्या यादीतली वहिनी अजून मार खातेय. आज तिला फोन केला, माहेरी निघून जा म्हटलं. म्हणाली, बघते. बस. एवढंच हातात.

२७ नोव्हेंबर, सोमवार

अवधूतचा फोन. तीन आठवड्यांनी!

"एक मेल सापडली," म्हणाला. "मी प्राचार्यांना पाठवलेली. येत नाही म्हणून. तारीख ऐक. बावीस सप्टेंबर, सकाळी दहा चाळीस." डबा घरी आला संध्याकाळी! त्याने आधीच ठरवलं होतं, जेवताना सांगणार होता, मीच आधी विचारलं. मी विचारलं, मग मी कबूल केलं त्या दिवशी बोलला का नाहीस? "तू इतक्या खात्रीने सांगितलंस, की माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही."

म्हणजे ते 'हो' त्याचं होतं. ते पुसलं मी, खरं बोलून.

 मग विचारलं, मी पुण्याला येऊ?

"विचार करून सांगतो," म्हणाला.

कितीतरी दिवसांत इतकं बरं काही ऐकलं नव्हतं.