रस्त्यात सांडलेलं म्हने

माय, आज खोलीत कोणी नाही म्हणून तुझ्याशी बोलायला बसलो. बसलो म्हणतो खरा, पण दोन ओळी लिहितो, उठून दाराशी जातो, पुन्हा येतो. लिहायची सवय कधी लागलीच नाही, सातवीत शाळा सुटली हे तुला माहीतच आहे. तू गेलीस तेव्हा मला मिशीही फुटली नव्हती. आता मी इकडं तमिळ मुलखात आहे, टी-शर्ट शिवायच्या कंपनीत इस्त्रीवर. दिवसभर वाफेत उभा असतो आणि डोक्यात तुझ्याशी भांडण चालू असतं.

आपल्या गावात, रोहण्याच्या बुद्धविहारात, दर रविवारी तुम्ही बाया जमायच्या. वर्ध्याहून एक ताई यायची, मोबाइलवर आलेला फोटो सगळ्यांना दाखवायची आणि विचारायची, हा कुठला, कधीचा, कोणी काढला. पुढं तूही तिच्याबरोबर गावोगाव जायला लागलीस. लोक तुम्हाला 'खरं-खोटंवाल्या' म्हणायचे. एका लग्नाच्या पंगतीत तुला पाहून वाढपी ओरडला होता, "बुंदी सरली म्हने! पन कोनं पाह्यलं, थे इचारा आधी खरं-खोटंवालीले!" सारी पंगत हसली, तूही पदर तोंडाला लावून हसलीस. मीच तेवढा पानावरून उठलो होतो.

आणि तो मिठाचा दिवस. मी चौकातून धापा टाकत येतो, तू चुलीपुढं भाकर थापून राह्यलीस, वर बघत पण नाहीस.

"मा, मीठ बंद होनार हाये! दुकानात हीऽ गर्दी. पिशवी दे."

"कोनं सांगतलं?"

"सारेच सांगून राह्यले."

"साऱ्यांतल्या कोनाले दिसलं?"

"थे मले काय मालूम? मोबाइलवर आलं म्हने."

"आत्ता बोलला बराबर. मंग घरात शिरताना हे 'म्हने' कुठी सांडलं रस्त्यात? जा, घेऊन ये."

आणि तू खरंच पाठवलंस. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना पुन्हा गाठून 'मीठ बंद होनार म्हने' असं सांगत फिरलो. पोरांनी टाळ्या पिटल्या. तुझं म्हणणं एकच होतं : बातमी या तोंडातून त्या तोंडात जाताना पहिलं गळतं ते 'म्हने', आणि ते गळलं की ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसतं. तेव्हा मला वाटायचं, एवढ्याशा शब्दासाठी माणसाची इज्जत कशाला काढते ही.

मागच्या आठवड्यात इथं एक व्हिडिओ आला. बाहेरगावच्या कामगारांना भरबाजारात काठ्यांनी मारताहेत, खाली हिंदीत इथल्या गावाचं नाव आणि 'बसस्टँडजवळचा बाजार'. म्हणजे आमचाच. संध्याकाळपर्यंत आमच्या चाळीतल्या खोल्याखोल्यांत थैल्या भरायला लागल्या. माझ्या खोलीत पुलगावचा एक गडी होता. कितीतरी दिवस नुसते धागे कापत काढले, तेव्हा कुठं त्याला शिवायचं मशीन मिळालं होतं. गेला की ते दुसऱ्याचं. पण व्हिडिओ गावी त्याच्या बापाकडंही पोचला होता, तो घडीघडी फोन करून राह्यला होता, "मले पोरगा पाह्यजे, मशीन नाई."

फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "तुही माय खरं-खोटंवाली होती ना बे? मंग सांग. थांबू का जाऊ?"

"काई नाई झालं. खोटं हाये थे."

"तू गेलता बाजारात?"

गेलो नव्हतो. मारलं हेही ऐकलेलं, आणि नाही मारलं हे तर माझ्या मनचंच. 'म्हने' मीसुद्धा गिळलं होतं. तुझा इतका राग आला, माय. बाकीचे विश्वास ठेवतात आणि पळून मोकळे होतात. मला तू धड पळू देत नाहीस, धड बसू देत नाहीस.

सकाळी गेलो बाजारात, एकटाच. तो म्हणाला, "मी नाई येत. दोघंही मेलो त घरी कोन कळवन?" वाटेत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बोललो की मी इथला नाही हे कळतं. बाजार भरलेला. शेवग्याच्या शेंगांचे भारे, केळीची पानं. बोटानं टमाटे दाखवले तर म्हातारीनं वरून कढीपत्ता फुकट टाकला. तिथंच उभं राहून व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांच्या डोक्यावर रेघ होती, आपल्या मराठीला असते तशी. इथल्या अक्षरांना रेघ नसते.

धावत आलो. "मी पाह्यलं बे! बाजार चालू हाये. हा व्हिडिओ दुसऱ्याच गावचा हाये," म्हणून त्याला पाट्या दाखवल्या. त्यानं मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"मले पटलं," तो म्हणाला. "पन तू बाजार पाह्यला. माह्या बापानं मारताना पाह्यलं ना, सोताच्या डोयानं. त्याले काय सांगू?"

दुपारच्या गाडीनं गेला. त्याच्या मशीनवर आता दुसरा बसतो. इस्त्रीच्या टेबलावरून त्याची पाठ दिसते, आणि मी तुला विचारतो, ज्यानं मोबाइलवर डोळ्यांनी पाहिलं त्याला तुम्ही रविवारी काय सांगत होतात गं? त्या दिवशी मी विहारात नसेन, खेळायला गेलो असेन. पुलगावच्या त्या घरात काय बोलावं, मला अजून सुचत नाही.

हा कागद घडी करून उशीच्या खोळीत जाईल, दुसरं कुठं जाणार. बाबाचा फोन येतो तेव्हा छाती ठोकून सांगतो, मी नाही भीत, मी बाजार पाहिला आहे. खाटेखाली माझी थैली भरलेली आहे हे त्याला सांगितलेलं नाही. आंघोळीपुरता त्यातून टॉवेल काढतो, आणि वाळला की परत आत घालतो.