भाकरी मोडंना अशी मोटर

५ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टर म्हणले, गुडघा कवा दुखतो, काय केल्यावर दुखतो, रोज लिवून आणा. सातवीत सुटलेली शाळा परत लागली. गिरणीवाल्यानं दिलेली डायरी रिकामीच पडली व्हती, तीच घेतली.
डावा: दुखतो. काय केल्यावर? तीनचाकी सायकल चालवल्यावर. झालं लिवून.
उजवा गप हाय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
डावा: निघताना बरा. रेल्वेच्या पुलाच्या चढाला बोंबलला. उतरून ढकलली. मागं खोक्यात कडक भाकरीच्या चवडी. एक जण गाडीवरनं म्हणला, "आजी, रिटायर व्हा की आता."
"तुझ्या आईला सांग जा."
डॉक्टर वाचणार म्हणून लिवते, न्हायतर मला काय गरज. भाकरी कमळी करती. कमळी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती थापती, मी पोचवते. दोन खानावळी, सात दुकानं. सतरा वर्सं. दोघींचे नवरे वर गेले, आमी खाली भाकरीत.

९ फेब्रुवारी, सोमवार
पुण्यासनं महेशचा फोन. कमळीचा पोरगा, पण निम्मा माझ्या कडंवर वाढला.
"मोठ्याई, बास झालं. पाडव्यापासनं टेम्पोवाला दारात येऊन भाकरी न्हेईल. तू बस."
बसून काय करू? बसल्यावर तर डावा जास्त दुखतो. तसं म्हणलं तर म्हणतो, "मग मोटर लाव सायकलीला. गुडघ्याला तरास न होता गाडी चालली तर मी परत बोलत न्हाय. पण पाडव्यापर्यंतच. पाडव्याला दुपारी बाराच्या ठोक्याला फोन करून इचारणार."
बापावर गेलाय. तो पण असाच मुदत घालायचा.

११ फेब्रुवारी, बुधवार
डावा: चढाला वाईट.
पण चढ संपला की माथा येतो. तितं मी पाय सोडून देते. उताराला तीन चाकं आपली आपण जातात. अर्धं मिनिट असंल. खाली रूळ, लांब बंद कापड गिरणीचं धुराडं, त्याच्या आडनं सूर्य वर येत असतो, भिजल्या पिठाच्या रंगाचा, अजून भाजायचा राहिलेला. वारा पदरात शिरतो. त्या अर्ध्या मिनिटात मी कुणाची कोण न्हाय. जाऊ न्हाय, मोठ्याई न्हाय, आजी न्हाय. खानावळीत चालले असं वाटतच न्हाय. वाटतं पुढं चालले, अजून पुढं, दुधनीच्या पल्याड, माहेराला, जितं समदे कानडीत हाका मारतात आणि माझी आई दारात…
मग ब्रेक. खानावळ.
टेम्पोवाला पण पूल चढंलच की. त्या अर्ध्या मिनिटाचं तो काय करणार?
हे पान डॉक्टरला दावायचं न्हाय.

१४ फेब्रुवारी, शनिवार
यासीनभाईकडं गेले. आदी मागाच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा. माग बंद पडत गेले, आता सायकलीला मोटरी लावतो. दोन दावल्या.
"देखो आक्का, ही पुढच्या चाकात बसती. मूठ पिळा, गाडी पळती. पाय आराम करतो. आणि ही दुसरी पायडलपाशी बसती. ही पायाला इचारती. पाय दाबला तर मदत करती, दाबला न्हाय तर गप."
"पायच दाबायचा तर मोटर कशाला, गंध लावायला?"
हसला. म्हणला, "वजन किती उचलता?"
"दोन पोती धर."
दोन पोती मी फक्त शनिवारी गिरणीतनं आणते. पण मोठ्या मालवाल्यासारखं सांगायला बरं वाटलं. चाकातली ठरली. पाच मिनिटं पण लागली न्हाईत ठरवायला. बायका साडी घेताना दिवस घालवतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मोटर बसली. मंगळवेढ्याची नवी ज्वारी आलती गिरणीत, शनिवारची वाट न बघता दोन पोती मागं टाकली आणि मूठ पिळली. पुलावर शेळीसारखी चढली! डावा पाय मांडी घालावी तसा ठेवला व्हता. माथ्यावर पोचले तर दम न्हाय, घाम न्हाय. मागं वळून बघितलं, चढ खरंच मागं हाय का.
डावा: हाय का न्हाय कळलं न्हाय.
महेशला कळवलं. म्हणला, "बघ, मी म्हणलो न्हवतो?" समदं ह्यानंच म्हणलेलं असतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी डोळा लागला. सपनात तीनचाकी ज्वारीच्या रानातनं चालली व्हती. पायडल न्हाय, मूठ न्हाय, मोटर न्हाय. कणसं खोक्याला घासतात, सर सर. खोक्याचं झाकण उघडं आणि भाकरी एक-एक उठून वर जायल्यात. पांढऱ्या. घाई न्हाय त्यांना. खालनं कमळी वरडती, "आक्का, मोज!" मी मोजते, परत चुकते, परत पहिल्यापासनं.
जागी झाले तर चुलीपाशी कमळीचं थापणं चालू. थप थप थप. सपनात तेच वाजत व्हतं जणू.
उगं कायबाय लिवते. उद्यापासनं भाकरी मोटरीवर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
घात.
काल दुकानवाले काय बोलले न्हाईत. आज खानावळीच्या सुमनताईनं चवड सोडली आणि माझ्याकडं बघत राहिली. "आक्का, हे भाकरी हाय का भुसा?" वरच्या दोन शाबूत, खाली नुसता चुरा. दुसरी सोडली, तशीच. दुकानात जाऊन कालच्या बघितल्या, त्याच गतीच्या.
कमळीला काय सांगू? पहाटे चारपासनं बसलेली असती. कागदावाणी पातळ थापती, भाजती, मग धगीला उभ्या करून वाळवती, बोट लावलं तर वाजली पायजे अशी.
चुरा घरी आणला. तिनं ताटात घेतला, वर आमटी ओतली.
डावा: बरा. जळो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
कमळीनं एक चवड खोक्यात ठिवली आणि स्वतः खोक्याला कान लावून उभी राहिली. गल्लीतली समदी बघायला.
"पीळ मूठ."
पिळली. गाडीनं हिसका दिला, जसा कायम देती.
"टिक् झालं. ऐकलंस?"
"काय न्हाय झालं."
"खालची मोडली." चवड सोडली. खालचीच मोडलेली.
म्हणलं, दोन पोती घेऊन चढली की गं पूल!
"पोत्यात ज्वारी असती आक्का. ज्वारीचं मोडून मोडून काय मोडंल?"
समद्यांनी वजन इचारलं. माल काय ते कुणी इचारलं न्हाय, आणि मी शहाणीनं सांगितलं न्हाय. आमच्या भाकरीला वजन कुटं असतं? फुकलं तर उडंल.

२५ फेब्रुवारी, बुधवार
यासीनभाईनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! आक्का, तुमी पोती बोलले. भाकरी बोलल्या असत्या तर!" मोटरीचा हिसका कमी करून दिला. हळू निघती आता, नव्या नवरीसारखी. पण पुलाच्या मध्यात दम सोडला. उतरून ढकलली, आता वर मोटरीचं पण वजन.
डावा: लई वाईट.
महेश फोनवर: "खाली काहीतरी मऊ घाला की."
कमळी: "माझ्या भाकरीला गादी?" पण घातली जुनी वाकळ. चवडी डुलल्या आणि वरच्या मोडल्या. आदी खालच्या मोडत व्हत्या. सुधारणा झाली म्हणायची.

६ मार्च, शुक्रवार
डॉक्टरनी वही मागितली. पुलाचं पान दोन बोटांत धरून ठिवलं व्हतं, तरी त्यांनी तेच वाचलं. हसले न्हाईत. चष्मा पुसला.
म्हणलं, पायडल मारू का बंद करू? एक काय ते सांगा.
म्हणले, "मारा. पण जोर लावू नका. फिरवत ऱ्हावा."
जन्मभर मला दोनच गोष्टी सांगितल्या लोकांनी, जोर लाव न्हायतर गप बस. जोर न लावता फिरवत ऱ्हा, हे पहिल्यांदा ऐकलं. घरी येस्तोवर तेच डोक्यात. चुलीपुढं कमळीचे हात बघितले. ती पण जोर लावत न्हाय की. पीठ फिरत ऱ्हातं हाताखाली आणि भाकरी आपली आपण मोठी होती.
पायाला इचारणारी मोटर. उद्या यासीनभाईकडं जाते.

१२ मार्च, गुरुवार
पायडलपाशी बसली. हिची अक्कल येगळी. पाय नुसता टेकला तर जरा ढकलती, दाबला तर जास्त. हिसका न्हाय. कुणीतरी मागनं पाठीवर हात ठिवून चालावं तशी.
रिकामी फिरवून आणली. पुलावर पाय चालवावा लागला. मांडी घालून बसणं न्हाय हिच्यात.
डावा: बोलला. थोडा. का बोलला, हे मी मोटरीवर ढकलत न्हाय.
यासीनभाईनं चाकातली काढून बाजूला ठिवलीय. "दोनातली कुटली ती पाडव्याला सांगा आक्का. दुसरी एक गिऱ्हाईक मागतंय, त्याला देऊन टाकतो."
म्हणजे असं हाय. चाकातली ठिवली तर गुडघा वाचतो, भाकरी मोडतात. पायाची ठिवली तर भाकरी वाचतात, आणि गुडघा काय म्हणतो त्याच्यावर समदं. महेशची अट गुडघ्याची हाय. भाकरीची अट कुणी घालत न्हाय.

१५ मार्च, रविवार
डावा: बरा. तीन दिवस अर्ध्याच भाकरी न्हेल्या. मोडल्या न्हाईत. पण अर्ध्या.
पहाटे परत तेच रान सपनात. यावेळी भाकरी वर गेल्या न्हाईत. खोक्यात कुणीतरी बसलं व्हतं, माझ्याकडं पाठ करून. गाडी जड न्हवती तरी.

१८ मार्च, बुधवार
आज पूर्ण माल. कमळी म्हणली, "मी येते."
"कुटं?"
"खोक्यात. मोडली तर मला ऐकू यील. तुला काय ऐकू येत न्हाय."
सतरा वर्सांत ती कवा या गाडीत बसली न्हाय. चुलीपासनं दारापर्यंत तिचा प्रवास. शालू ठिवणीतला न्हाय नेसली एवढंच नशीब. चवडी कडंनी लावल्या, मधे ही, एक चवड मांडीवर, कान लावून, लेकरू निजवल्यासारखी. गल्लीतनं निघालो तर यासीनभाईची म्हातारी हात जोडायली. तिला वाटलं देवाची पालखी.
चढ लागला. पाय फिरवत राहिले, जोर न लावता. मोटर हळू हळू हात देत. दोन बायका, समद्या भाकरी, आणि गाडी चाललीय. नुसता चाकांचा आवाज.
माथ्यावर पोचलो तर सूर्य नुकता वर. गाडी कडंला घेतली. कमळीनं मान वर केली. रूळ बघितले, धुराडं बघितलं. लई येळ.
"आक्का, तू रोज हे बघतीस?"
"रोज."
"आणि मला सांगितलं न्हाईस कवा."
काय सांगणार. सांगण्यासारखं काय हाय त्यात.
म्हणलं, आता पाय सोडणार हाय, घट्ट धर. उताराला सोडली. ती अर्धं मिनिट हसत व्हती, तोंडाला पदर लावून, पोरीवाणी. लग्न होऊन आली तवा अशी हसायची, सासूनं बंद केलं व्हतं. आज मी ब्रेक उशिरा दाबला.
खानावळीत चवडी सोडल्या. समद्या शाबूत. एक मोडली, ती कमळीच्या मांडीवरली.
"मोटरीनं मोडली," मी म्हणलं.
"न्हाय, मी हसले म्हणून मोडली."
"तुला टिक् ऐकू आलं का?"
"हसताना कुटलं ऐकू येतंय."
दोघींनी पायरीवर बसून ती खाल्ली. सुमनताईनं शेंगाची चटणी दिली.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. गाठी कमळीनं गाडीच्या हँडलला बांधली, तिच्या डोक्यात काय येतं.
यासीनभाई येऊन गेला. "कुटली ठेवू आक्का?" म्हणलं, बाराला सांगते.
काल राती कमळीनं गुडघा शेकायला बादलीत गरम पाणी आणून दिलं मला, न मागता. गुडघ्याची सूज बघितली तिनं.
बाराला पाच कमी हाईत. महेश चुकवायचा न्हाय. कमळी फोन मांडीवर घेऊन बसलीय, कालच्या चवडीसारखा. मी म्हणलं, तूच बोल, मला खोटं सांगता येत न्हाय त्याला.
म्हणली, "मला तरी कुटं येतंय? तू आदी वहीत लिव आक्का. जे लिवशील तेच मी वाचून दावते त्याला."
डावा: