वहिनीचा हात आणि माझं मानपत्र

दारव्हा, बुधवार, संध्याकाळ

मोडलेल्या उजव्या हाताचं प्लास्टर आवळतंय म्हणून वहिनी दोन दिवस ओरडली. डॉक्टरनं पाहिलंच नाही. प्लास्टर काढल्यावर "बोटं हलतील हळूहळू," म्हणाला. तेवढ्यावर दादानं रिवाजाप्रमाणे शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. मानपत्र मी लिहिलेलं: 'देवमाणूस'! जन्मभर लोकांची टर उडवली, आणि गंभीर झालो ते नेमका तिथं. बोटं हललीच नाहीत.

आज आमचे वकील म्हणाले, "भाऊ, ग्राहक मंचात समोरचा वकील तुमचंच मानपत्र वाचून दाखवीन." म्हणजे डॉक्टरचा पहिला साक्षीदार मीच? हात न पाहताच ते लिहिलं, असं शपथपत्र करून दिलं. गाव हसेल. हसू दे.

तक्रारीवर सही वहिनीची. तिनं पेन डाव्या हातात घेतलं.

"भाऊजी, कागद धरा न जरा. हा हात त नुसता संगं हाये."