अक्कांची डावी मूठ

उदगीर, सोमवार, सायंकाळ

श्रीगुरुकृपेने अक्का वाचल्या.

आतड्याला पीळ पडलेला, शस्त्रक्रिया तातडीची. आणि अक्का, माझ्या थोरल्या भगिनी, गळ्यातले आम्हा लिंगायतांच्या नित्यपूजेचे इष्टलिंग काढू देईनात. "लिंग अंगावेगळं करून जगू व्हय?" मी शास्त्राधार सांगू लागलो, तर म्हणाल्या, "तू गप बस, पंडिता!"

तेव्हा रेणुका पुढे आली. नर्सिंग कॉलेजात मी रुग्णांच्या श्रद्धांविषयी शिकवतो, त्या वर्गातली ही देवणी गावची मुलगी, आज इथे कामावर होती. तिने विचारले, "आज्जी, पूजेला लिंग कुठं घेता?"

"डाव्या तळहातावर."

"मग आज बी तिथंच राहू द्या. मी बांधते."

"सुटलं तर तुझ्या मानगुटीवर बसंन, पोरी!"

"बसा की. आधी बऱ्या व्हा."

डॉक्टरांनी संमती दिली. तिने लिंग डाव्या तळहातावर ठेवून मुठीवर पट्टी बांधली, सलाईन उजव्या हाताला लावले. शुद्धीवर येताच अक्कांनी ती मूठ चाचपली आणि त्या हसल्या. डावी मूठ! हे मी शिकवले होते का? नाही. रुग्णाला विचारावे, एवढेच मी शिकवले होते. तेवढे पुरले!

हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी, वेळ येईल तेव्हा, असे विचारणारे कोणी असो.