टूरिंग गटातली हेस्टर

लेडबरी,
९ एप्रिल १९६१

प्रिय ऑब्रीस,
स. न. वि. वि.

आधी खुर्चीत नीट टेकून बस. आर्नल्डची ती करडी मोठी गाडी मी विकली. तो गेल्यापासून तीन वर्षं मीच ती चालवत होते, पण चर्चपर्यंत आणि परत. आमच्या सगळ्या संसारात मी मांडीवर नकाशा घेऊन शेजारी बसले. त्यामुळे एकटी असतानासुद्धा मला वाटायचं, आपण चुकून भलत्याच जागी बसलोय.

नवी घेतली आहे ती आकाशी रंगाची, उघडी, दोनच माणसांची. गॅरेजवाल्याने पुन्हा पुन्हा विचारलं की भाच्यासाठी घेताय का. नाही म्हटल्यावर त्याने मला पाण्याचा पेला आणून दिला. पियानो शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या आईने तर शिकवणीच बंद केली. ज्या बाई अशी गाडी चालवतात त्या ताल काय सांभाळणार, असं त्या म्हणाल्याचं कानावर आलं.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तुमच्या क्लबची कॉब्ली टेकडीची चढण-शर्यत आहे. मला स्पोर्ट्स कारच्या गटात नाव घालायचं आहे. समितीचा अध्यक्ष म्हणजे माझा थोरला भाऊच, म्हणून सरळ तुलाच लिहिते. तो छोटा चषक वर्षानुवर्षं तुझ्याच कपाटात आहे. डल्सीलाही पुसून पुसून कंटाळा आला असेल.

लोभ आहेच, माझा वेग ऐकून तो कमी होऊ देऊ नये.

तुझी,
हेस्टर

---

लेमिन्स्टर,
१६ एप्रिल १९६१

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

तुला न सांगता लेडबरीला येऊन, तू शिकवणीत असताना, दाराशी उभी असलेली तुझी गाडी पाहून गेलो. रंग छान आहे. पण समितीचा निर्णय असा की ही स्पोर्ट्स कार नव्हे.

कारणं ऐक. तिच्या काचा हँडल फिरवून वर येतात. तिला हीटर आहे. मागे झाकण उघडलं की दोन बॅगा मावतात. इंजिन म्हणशील तर आमचे पाद्रीबाबा ज्या गाडीतून कोबी आणायला जातात, तिचंच. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये पाऊस अंगावर पडतो. चाकाखालून कुठला खडा गेला ते पाठीला कळतं. उतरल्यावर बराच वेळ कानाला काही ऐकू येत नाही. माझ्या गाडीला दारंसुद्धा नाहीत, तुला ठाऊकच आहे. डल्सी तिच्यात एकदाच बसली, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. टोपी उडाली, ती अजून सापडलेली नाही, आणि डल्सीही पुन्हा बसलेली नाही.

तेव्हा तुझं नाव टूरिंग गटात, म्हणजे साध्या प्रवासी गाड्यांच्या गटात, घातलं आहे. सुरुवात तिथूनच, शेवट जरासा अलीकडे. तसा काही फरक पडत नाही.

राग मानू नकोस. होता तेवढा तरी लोभ राहू दे.

तुझा,
ऑब्री

---

लेडबरी,
२० एप्रिल १९६१

प्रिय ऑब्रीस,
नमस्कार (विनंती नाही, विशेषही नाही).

तुझ्या व्याख्येप्रमाणे जगातली सर्वोत्तम स्पोर्ट्स कार म्हणजे भर पावसात उतारावर सोडलेली हातगाडी. बसायला गैरसोय, पाठीला खडे, आणि काचा नाहीत.

तो 'जरासा अलीकडे' कुठे, ते मी जाऊन पाहिलं. पाद्र्याच्या वळणाच्या बरोबर खाली. म्हणजे कॉब्लीवर ज्याच्यासाठी लोक गाडी घेऊन येतात, तेवढंच वगळून बाकी सगळं मला. एखादीला अख्खी धून वाजवू द्यायची आणि शेवटची ओळ आली की झाकण बंद करायचं, तसं.

ठीक आहे. मी टूरिंगमध्ये पळेन. खाटकाच्या गाडीमागे माझा नंबर आहे. रोज पहिली विद्यार्थिनी यायच्या आत मालव्हर्नचा घाट चढून येते. वळणाच्या तोंडाशी पाय सैल सोडायचा आणि मधोमध दाबायचा, हे कुणी शिकवलं नाही, पायालाच सुचलं.

लोभ आहे, पण सध्या टूरिंग गटात.

हेस्टर

---

लेमिन्स्टर,
१५ मे १९६१

प्रिय हेस्टरला,
स. न. वि. वि.

शनिवारी भर मैदानातून तू माझ्या नवऱ्याला गाडीत घालून निघून गेलीस आणि रात्रीच्या जेवणाला आणून सोडलंस. तेव्हापासून तो शिंकतो आणि मधेच एकटा हसतो. विचारलं तर काही सांगत नाही. तेव्हा तूच लिही.

माझ्याकडून एक सांगते. तुझ्या काचांबद्दल समितीत कुणाचीच तक्रार नव्हती. कर्नल ट्रबशॉ तर म्हणाले होते की बाईंना येऊ द्या, गटात गर्दी तरी होईल. अडून बसला तो ऑब्री. छत्तीस साली तो पाद्र्याच्या वळणावर झेंडा घेऊन उभा होता, तेव्हा लेसींचा मुलगा गाडीसकट कठड्यावरून गेला. खाली पहिला पोचला तो ऑब्रीच. स्वतः तो तिथून दरवर्षी जातो, त्याचं त्याला काही वाटत नाही.

शनिवारी सकाळी माझा स्वयंपाकघरातला झाडू दिसेना. हा तो घेऊन टेकडीवर गेला होता. त्या वळणावरची सगळी खडी त्याने झाडून काढली. तुझा गट तिथवर येणारच नव्हता, तरीसुद्धा. मी बोलले हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
डल्सी

---

लेडबरी,
१८ मे १९६१

प्रिय डल्सीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आता झालं ते सांगते.

टूरिंगमध्ये मी पहिली आले, हे तू पाहिलंसच. मग ऑब्रीची पाळी. तो वर दिसेनासा झाला आणि कर्ण्यावरून सांगितलं की गाडी पाद्र्याच्या वळणावर थांबली आहे. गाडीचं सांगितलं, माणसाचं नाही. मी कुणाला विचारलं नाही. गाडी सुरू केली आणि निघाले. झेंडेवाला आडवा आला, त्याला मी वळसा घातला.

ते वळण कसं घेतलं, मला खरंच आठवत नाही. मी पाहत होते तिकडे गाडी जात होती, आणि मी फक्त त्याला शोधत होते. तो कठड्यावर बसून सँडविच खात होता. मागच्या चाकांचा दांडा, ॲक्सल, तुटला होता, बाकी काही नाही. मी त्याला इतकं बोलले की शेवटी मलाच रडू आलं. तो ऐकून घेत होता. चेहरा पांढरा पडला होता, आणि तो ॲक्सलमुळे नव्हे. मग म्हणाला, "वळलीस जरा उशिरा. पण सुरेख वळलीस."

मी त्याला बस म्हटलं. खाली परतायचं होतं, पण पुढचा रस्ता मोकळा दिसत होता. मी पुढेच गेले. वेल्सच्या हद्दीवर पाऊस आला. टप वर करू का विचारलं, तर नको म्हणाला. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात त्याने विचारलं की तो हीटर चालतो का. मला गाडी कडेला घ्यावी लागली, डल्सी. हसून हसून दिसेनाच. आर्नल्ड गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

मेंढ्यांच्या बाजारातल्या एका दुकानात चहा आणि लोणी लावलेला पाव खाल्ला. परतताना त्याने किल्ली मागितली. मी दिली नाही.

झाडूचं मी काही बोलणार नाही. तुझा लोभ मला हवा आहे, तो असाच ठेव.

तुझी,
हेस्टर

---

लेमिन्स्टर,
२८ मे १९६१

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

काल समितीची बैठक झाली. झेंडेवाल्याला वळसा घातल्याबद्दल तुला लेखी ताकीद आहे, ती वेगळ्या पाकिटातून येईल. सही माझीच आहे. ती मी मनापासून केली, हे लक्षात ठेव.

मग ट्रबशॉंनी विचारलं की अध्यक्षांच्या मते स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकी कोणती. मी काचा, दारं, हीटर, सगळं सोडून दिलं. म्हटलं, जिच्यातला माणूस घर जवळ आलं की आणखी एक रस्ता शोधतो, ती. कुणी हरकत घेतली नाही. समितीतला पशुवैद्य मात्र म्हणाला की मग त्याच्या बायकोची बेबी कारही यात बसते. तिचं नावही घातलं.

ऑगस्टच्या शर्यतीत तू स्पोर्ट्स गटात आहेस, अगदी वरपर्यंत. माझा ॲक्सल तोवर येईल. मी तुला सोडणार नाही, तूही मला सोडू नकोस.

रविवारी जेवायला ये. डल्सी कोकराचं मांस भाजणार आहे. सरळ रस्त्याने यायला तास पुरतो. आम्ही मात्र अडीचच्या आत ताटं मांडणार नाही.

तुझाच,
ऑब्री