काकीच्या झाकण्या आणि मुखरूकाकांचा नेम

मूल, जि. चांदा
१२ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप काकीस इंदूचा वाकून नमस्कार.

घरातून निघताना तू जे विचारलंस, "उडती चकती फोडून कोणाचं पोट भरते वो?", त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बी.ए. झाले तरी नाही. ते तसंच राहू दे. तुझा गुडघा कसा आहे? पोंभुर्ण्याकडे यंदा थंडी फार आहे म्हणतात. मोहाच्या तेलाची मालीश सोडू नकोस. इकडे सगळे बरे आहेत, एक मुखरूकाका सोडून. ते तुझ्यावाचून कसे आहेत हे मी सांगणार नाही. चूल त्यांच्या हातून दोनदा विझली आणि एकदा छपराला लागली एवढंच सांगते. (छप्पर वाचलं.)

तू माहेरी गेलीस यात तुझी चूक होती असं मी मुळीच म्हणत नाही. मालगुजारी गेल्यावर गुणवंतराव मालकांना हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी चकत्या सोडायचं यंत्र मागवलं आणि जन्मभर आपली बंदूक वाहणाऱ्या काकांना म्हणाले, "मुखरू, तू मार." या खेळाला स्कीट म्हणतात. एक उंच खोपटं, एक ठेंगणं. दोन्हींतून चकत्या सुटतात आणि खेळणाऱ्यानं अर्धगोलात जागा बदलत त्या हवेतच फोडायच्या. चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेशी. धानावरचे पोपट हाकण्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्या काकांना हा खेळ आपल्याच घरचा वाटला. विकतच्या चकत्या लवकरच संपल्या आणि काकांची नजर तुझ्या मातीच्या झाकण्यांकडे वळली. दह्याची गेली, मिठाची गेली, लोणच्याच्या बरणीची गेली, तेव्हा तूही गेलीस. न्याय्यच आहे.

पण पुढचं तुला ठाऊक नाही. काकांनी झाकण्यांना हात न लावण्याची शपथ घेतली (तोवर एकही उरली नव्हती) आणि झिंगू कुंभाराकडून चकत्या करून आणल्या. त्या दिवसापासून त्यांचा नेम गेला. चकती उडे, बार होई आणि चकती पाहुण्यासारखी सुखरूप गवतात उतरे. काकांचं जेवण तुटलं. "मले दिसूनच नाई राह्यलं, पोरी," म्हणून ते ओसरीवर बसून राहत. शेजारची शकुबाई कुंपणावरून विचारायची, "काऊन मुखरूभाऊ, आज किती वाचल्या? बायको गेली अन् संगं डोळेई घेऊन गेली का?" शेवटी मी एक चकती गवतातून उचलून पाहिली. तिच्या अंगभर देवीच्या वणांसारखे छर्ऱ्यांचे खड्डे! चकत्यांना बार लागत होता, त्या फुटत नव्हत्या. मी जाब विचारायला गेले, तर झिंगूभाऊ माझ्यावरच तापले. "माह्या हातचं भांडं फुटत नाई, बाई. मुखरूभाऊचं काम म्हणून दोनदा भट्टीत घातल्या. फोडासाठी भांडं करा, हे बी.ए.मंदी शिकवते का?" (येताना नव्या झाकण्या मात्र सांगून आले. त्या आल्या आहेत. बहुधा तुझ्या नातवंडांनाही पुरतील.)

काकांनी सराव त्याच चकत्यांवर चालू ठेवला. फुटो न फुटो, 'टण्' वाजलं की समाधान. आणि मग नागपूरचा सामना! राजेलोक, कप्तान, साहेब, आणि त्यांत काका, धोतरावर आमच्या बाबांचा कोट घालून. चकती सोडा म्हणायला बाकीचे इंग्रजीत हाक देत होते. काकांनी शेतात पाखरं हाकतात तशी "हुर्रऽऽ!" अशी आरोळी ठोकली. आंब्यावरचे कावळे उठले आणि एक कप्तान बसला. पण नागपूरची ती कच्ची चकती नुसती फुटली नाही, काकी, तिचा धूर झाला. मग दुसरीचा, तिसरीचा. साहेब टाळ्या विसरून पाहत राहिले. पहिला चषक काकांना मिळाला! चार शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले, "घरच्या बाईनं झाकण्या देल्या, म्हणून शिकलो." (तू दिल्या नव्हत्यास, मला माहीत आहे. पण ते सांगायची ती जागा नव्हती.) जन्मभर दुसऱ्याची बंदूक वाहिलेला माणूस स्वतः उभा राहून मान मिळवतो, यासाठीच देश स्वतंत्र झाला असं मला तेव्हा वाटलं, आणि मी चारचौघांत रडले.

आता दिल्लीचं बोलावणं आलं आहे आणि काका नाही म्हणतात. मी स्वाभिमानावर पुष्कळ बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाईन वो. पण वापस येऊन सांगू कोणाले?"

तुझी,
इंदू

ता. क. परत ये, काकी. आधीचं सगळं एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालानं येणार नाही. तुझ्या भावाला धानाच्या बियाण्याबद्दल लिहिलंय, असं सांगून ते मी काकांच्याच हाती देते आहे. (त्यांना वाचता येत नाही, याचा आज प्रथमच मला आनंद झाला. मी शिकवते त्या शाळेत कुणाला सांगू नकोस.) गाडी जुंपली आहे, ते वर बसले आहेत आणि मी चाकाशी उभी राहून हे लिहिते आहे. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्या अंगणात उभे असतील. गाडी त्यांना उतरवून लगेच मागे फिरेल आणि बुधवारी पुन्हा येईल. एकट्या माणसाला घ्यायचं नाही, असं मी गाडीवानाला बजावून ठेवलं आहे.