दीड एकरात चार घोड्या

१० जून
आज पक्कं ठरवलं. नाल्याकाठच्या दीड एकर पडीक जमिनीचं यंदा प्लॅनिंग करायचं. वरातीच्या आपल्या चार घोड्या: बिजली, राणी, शेवंता, मैना. धाड गावापासून चिखलीपर्यंतचे नवरदेव यांच्याच पाठीवर मिरवले. मैना मात्र आता थकली, वरात होत नाही तिच्यानं. सोजराबाई म्हणे, चौघींचं पोट या तुकड्यात भरत नाही, मैना बाजारात न्या. बायकोच ती, हिशोबानं बोलते. पण मैना माझ्या हातावर वाढलेली. म्हटलं, होळीपर्यंत विकतचा चारा घरात आला तर मैना तुझ्या हवाली. ती लगेच ‘हाव, चालते’ म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली, म्हणजे भरवसा आहे माझ्यावर.

११ जून
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. जमिनीचे चार भाग करायचे. एकात घोडी चरते, तिघांत गवत वाढतं. मग पुढचा भाग. संपलं. एवढं सोपं असून जिल्ह्यात कोणाला सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

८ जुलै
गवत घोट्याइतकं. व्हिडिओवाला वीतभर होऊ द्या म्हणतो. त्याची जमीन वेगळी, आपली काळी कसदार. घोड्या पहिल्या भागात सोडल्या.

१५ जुलै
पावसाची झड लागली. पहिल्या भागात गवत दिसत नाही, चिखल दिसतो. शेजारचे गुलाबराव बांधावरून म्हणाले, नारायणराव, वाफसा नाही अन् जनावरं काऊन सोडली? धान लावता काय? मी नुसता हसलो. नवीन सिस्टीम लोकांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

२० ऑगस्ट
भाग पाडायला मी दोरी बांधली होती. घोड्या ती ओलांडून हव्या त्या भागात चरतात. आवडीच्या जागी मुळापर्यंत, लीद पडली तिथं तोंड लावत नाहीत. दोन भागांना टक्कल, दोन भागांत तरोट्याचं तण. तरोटा घोडी खात नाही. हे व्हिडिओत सांगायला पाहिजे होतं.

२१ सप्टेंबर
दोष दोरीचा आहे. रोही, म्हणजे नीलगाय, आणि डुकरं येऊ नयेत म्हणून इकडं सारेच शेताला जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं फडफडलं की जनावर बुजतं. तेच करायचं. सोजराबाई म्हणे, ट्रंकेतल्या फाटक्याच घ्या. फाटक्या पुरल्या नाहीत. जरीच्या काठाच्या चार घेतल्या. तिला त्या आठवणारही नाहीत.

२२ सप्टेंबर
आठवल्या.

२५ सप्टेंबर
कुंपण फार देखणं झालं. रोही फिरकला नाही. फक्त घोड्यांचं थोडं वेगळं झालं. त्या थेट साड्यांकडंच गेल्या. शेवंता जरीच्या काठासमोर उभी राहून पाय नाचवू लागली. मग चौघी मांडवाखालून जातात तशा मान खाली घालून आरपार. रंगीत कापडाला, झालरीला, फटाक्याला बुजायचं नाही हे मीच शिकवलं त्यांना. शिकवण पक्की निघाली, याचं समाधान आहे.

६ डिसेंबर
चौघी गुलाबरावांच्या हरभऱ्यात. बिजलीच्या गळ्यात जांभळी साडी. गुलाबराव घरी आले, चहा घेतला, आवाज न चढवता म्हणाले, भाऊ, तुमच्या पोरी जेवून गेल्या, आता आहेर काय देता? सोजराबाई खाली मान घालून हसत होती. बिजलीचं पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले फिरवत राहा. फिरवलं. संध्याकाळी ती बरी झाली, मी आडवा.

१९ जानेवारी
चारही भागांना पूर्ण विश्रांती दिली आहे. म्हणजे गवत नाही. उंद्रीच्या साळ्यानं गाडीभर कडबा भेट दिला. मी मागितला म्हणून दिला, पण भेट ती भेट. विकतचा नव्हे.

१७ फेब्रुवारी
भेट संपली. मैनाच्या बरगड्या मोजता येतात. होळी अजून लांब. कडबा विकत आणला, घरामागं ताडपत्रीखाली ठेवला. हा चारा नाही, इमर्जन्सी स्टॉक आहे.

१८ फेब्रुवारी
सोजराबाईनं ताडपत्री उचलली. पुन्हा नीट झाकली. मी मैनाला अंघोळ घातली, आयाळ विंचरली, कपाळाला कुंकू लावलं.

१९ फेब्रुवारी
सकाळी मैनाला बाजारासाठी सोडत होतो, तेवढ्यात सोजराबाई दावणीशी आली. म्हणे, मैना आता माह्या हवाली ना? हो म्हटलं. म्हणे, मंग तिले बाजारात नेणारे तुमी कोन? बांधा चुपचाप. अन् पाऊस येऊन गवत गुडघ्याले लागेपर्यंत कुरणात एक खूर पडता कामा नये.
मी मैनाला परत बांधली. डोळ्यांत कुटाराचा भुसा गेला असावा.
मग गुलाबरावही आले, तेव्हा कळलं, त्यांच्याशी तिचं परस्पर ठरलं आहे. त्यांच्या विहिरीकाठचं हिरवं गवत आणि हरभऱ्याचं कुटार आपल्याला, घोड्यांची लीद त्यांच्या शेताला. गवत कापणं आणि लीद पोचवणं कोणाकडं, हे मी विचारलं. दोघंही माझ्याकडं पाहत राहिले.

१२ मार्च
कंबर धरली आहे. जाताना टोपल्यात लीद, येताना डोक्यावर भारा. मैना भारा हुंगते, तरोट्याची एक काडी निघाली तरी मान फिरवते. मग मी निवडत बसतो. चौघींच्या अंगावर मांस चढतंय, हे मान्य केलं पाहिजे.
घोड्या दिवसभर लिंबाच्या सावलीत उभ्या असतात. हिरवळीवर रोज एकटा मीच जातो.